फोटोची सुट्टी

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. घरात पुस्तक नव्हतं. बा सभेसाठी नागपूरला गेला की परतताना त्याच्या थैलीत पाच-सहा पत्रकं असायची, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदाची, शाई बोटाला लागेल अशी. भंडाऱ्याकडच्या आमच्या घराच्या कुडातून वारा यायचा, म्हणून माय ती खळ लावून भिंतीला चिकटवायची. पडल्या पडल्या मी ती वाचत असे. बरोबरीची पोरं 'आई भाकर दे' वाचत होती तेव्हा मी 'बंधूंनो, किती दिवस झोपणार?' वाचत होतो. मायला अक्षर येत नव्हतं. काही पत्रकं ती उलटी चिकटवायची, आणि मला उलटं वाचायचीही सवय झाली. पुढे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणसं डोकं खाली पाय वर दिसू लागली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढल्या वर्षी भिलाईला आलो. कारखाना तेव्हा जमिनीतून वर यायचा होता. सगळीकडे खड्डे, तांबडी माती, लोखंडाचे ढीग आणि माणसंच माणसं. बा खलाशी लागला, म्हणजे दोरखंड आणि कप्पीनं गर्डर वर चढवणाऱ्या टोळीत. माय रेजा लागली. डोक्यावर घमेलं घेऊन माती, गिट्टी, काँक्रीट वाहायचं. मी दुर्गच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे काम शिकलो आणि त्याला दिसेनासं झालं तेव्हा त्याचा तिपाईवरचा लाकडी कॅमेरा माझ्याकडे आला. पावर हाऊसच्या बाजारात पत्र्याची एक खोली घेऊन मी दुकान मांडलं.

रविवारी दुकानापुढे रांग लागायची. काहींना गेटपासाचा फोटो हवा असे. समोर बघायचं, छातीशी पाटी धरायची, पाटीवर खडूनं नंबर. पासाच्या फोटोला कॉलरचा शर्ट लागतो अशी कुणीतरी आवई उठवली होती, म्हणून मी एक पांढरा शर्ट खिळ्याला टांगून ठेवला होता. तो आंध्रातला फिटर घालायचा, ओडिशातला खलाशी घालायचा, पंजाबी वेल्डरच्या अंगावर तो बटणांशी ताणला जायचा. गेटवरचा शिपाई एकदा मला म्हणाला, "पूरे भिलाई में एक ही कमीज है क्या?"

बाकीचे गावी पाठवायला फोटो काढवत. त्यांना मी विचारायचो, "कसा पाहिजे?" आणि ते फार नेमकं सांगायचे. सायकलवर हात ठेवून. मनगटावरचं घड्याळ दिसेल असा. बसून, पण बूट आले पाहिजेत. घड्याळ बहुतेक वेळा शेजारच्या पानवाल्याचं असायचं. मी त्यांना हवा तसा फोटो काढून देत असे, पण मनातून मला ते फोटो आवडत नसत. माणूस आठवडाभर लोखंडाशी झुंजतो आणि फोटोत उसनं घड्याळ दाखवतो, हे मला खोटं वाटायचं. खरं काय ते मी माझ्या घरच्या फोटोंत दाखवणार होतो.

त्यासाठी मी एक जाड वही शिवून घेतली होती. आमच्या घराचे फोटो तिच्यात चिकटवायचे, सजवलेले नाही, जसे आहेत तसे. बाच्या तळहातांवर दोरखंडानं पडलेले चर. नळापुढची बादल्यांची रांग. चुलीभोवती वाळत घातलेलं ओलं सरपण. वही भराभर भरत नव्हती, कारण गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेली फोटोची काच आणि उरलेला उजेड घराच्या वाट्याला यायचा. आणि मायचा फोटो त्यात अजून नव्हता. तो मला कामावरचाच हवा होता. घरात बसलेली माय कुणीही काढील, असं मी बाला ऐकवलं होतं.

दुकानाशिवाय माझं एक मोठं गिऱ्हाईक होतं. एका कंत्राटदाराकडे कारखान्याच्या एका धुराड्याचं काम होतं, आणि ते काम दर महिन्याला किती पुढे सरकलं याचा फोटो त्याला वर पाठवावा लागे. ओव्हरसियरनं मला जागा दाखवली. जमिनीत एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती, डोक्याला तांबडा रंग. तिपाई बरोबर त्या खुंटीवर उभी करायची. महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळी अकरा. स्टोअरकीपर मोजून दोन काचा द्यायचा, एक फोटोला आणि एक जादाची, पहिली बिघडली तर. तेव्हाचे फोटो काचेवर यायचे. भिंगावरची टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी परत लावायची, की झालं.

शेवटची अट ओव्हरसियरनं जाता जाता सांगितली. "फोटो में आदमी नहीं चाहिए. काम दिखना चाहिए."

तो चांगला माणूस होता. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नसेल. मी मात्र ते वाक्य घरी येऊन बाला दोनदा म्हणून दाखवलं.

मायची टोळी त्याच धुराड्याच्या पायावर होती. अकरा बाया, निम्म्या आमच्याकडच्या, निम्म्या इथल्याच आसपासच्या गावांतल्या, कुणी बोरसीची, कुणी अहिवाऱ्याकडची. शनिवारी अकराला मुकादम शिट्टी मारायचा आणि ओरडायचा, "हटो, फोटो है!" मग सगळ्या बाया घमेली खाली ठेवून माझ्या पाठीमागे येत आणि कॅमेऱ्याच्या मागे, वाळूच्या ढिगाच्या आडोशाला बसत. मी काळ्या कपड्यात डोकं घालून काचेवर तो खड्डा, त्या सळया, ती रिकामी पायवाट नीट लावून घेई. दहा मिनिटं तरी जात. त्या दहा मिनिटांत एकही माणूस तिथे नसे. जणू खड्डा आपणच आपल्याला खणत होता. मला चीड यायची. कपड्याखाली माझे कान तापायचे.

पाठीमागे बाया मजेत असत.

"हळू काढ गा भाच्या," आमच्या गावाकडची एक धिप्पाड बाई म्हणायची. मी तिला मावशी म्हणत असे. "तुले कोन घाई करून राहिलं?"

"मावशी, उजेड जाईल."

"जाऊ दे ना मंग. सूर्य का मुकादमाचा नोकर हाय?"

त्या हसायच्या, तंबाखू मळायच्या, एकमेकींच्या तळपायातले काटे काढायच्या. या वेळेला त्यांनी नावही दिलं होतं, फोटोची सुट्टी. दुपारच्या जेवणाखेरीज दिवसभरात टेकायला मिळणारी तेवढीच वेळ, आणि तीही महिन्यातून एकदा. मला हे माहीत होतं. दर वेळी ऐकत होतो. तरीही तिकडे माझं लक्ष नव्हतं. ज्यांना फोटोतून हाकलून दिलं आहे त्या हसतात कशा, एवढंच मला दिसत होतं.

एप्रिलच्या शनिवारी मी मुकादमाला गाठलं. "शिट्टी जरा थांबून वाजव. आधी एक फोटो काम चालू असतानाचा घेतो. नमुन्याला." मुकादमाला बिडी ओढायची होती, तो हो म्हणाला.

त्या दिवशी पायात काँक्रीट पडत होतं. बाया फळ्यांच्या उतारावरून ओळीनं खाली जात होत्या. मी ओरडलो, "जशा आहात तशाच थांबा. हलू नका. घमेलं उतरवू नका." त्या थांबल्या. माय मधोमध होती, एक पाय पुढे, मान ताठ, डोक्यावर ओलं काँक्रीट भरलेलं घमेलं, त्यातून एक ओघळ कानामागे उतरत होता. मी कपड्याखाली गेलो आणि माझं भान हरपलं. इतकं चांगलं चित्र मी कधी काचेवर पाहिलं नव्हतं. मी तिपाई दोनदा हलवली. भिंग बारीक केलं. शेवटी टोपी काढली, मोजलं, टोपी लावली.

मग मुकादमानं शिट्टी मारली, बायांनी घमेली रिकामी केली आणि त्या मागे आल्या. मी दुसरी काच घालून कंत्राटदाराचा रिकामा फोटो घाईनं उरकला. त्या खाली बसतात न बसतात तोच मुकादम बिडी विझवून म्हणाला, "चलो, दस मिनट हो गया."

मावशी उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाली, "आज काई मज्जा नाई आली गा."

मी हसलो. मला वाटलं ती फोटोबद्दल बोलते आहे.

स्टोअरकीपरला मी सांगितलं, जादाची काच फुटली. खोटं बोललो. माझ्या तत्त्वांत तेव्हा एवढी जागा होती.

तो फोटो मी वहीत लावला आणि एक प्रत नागपूरला पत्रकं काढणाऱ्या आमच्या लोकांकडे पाठवली. त्यांनी त्याचा ठसा करून पत्रकावर छापला. मजकूर मी लिहिला होता. 'हे ओझं कोणाच्या डोक्यावर?' अशी सुरुवात होती. आजही त्यातल्या एका शब्दाबद्दल मी माघार घेणार नाही. गेटापाशी पाळी सुटताना पत्रकं वाटली गेली, आणि संध्याकाळी बा एक घेऊन घरी आला. माय भाकरी थापत होती. बानं कंदील जवळ ओढला आणि पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, सभेत वाचतात तसं. शेवटी त्यानं फोटो तिच्यापुढे धरला.

"पाय, कोन हाय."

मायनं पिठाचे हात मागे धरून बघितलं. खूप वेळ बघितलं. तव्यावरची भाकरी करपली.

"हे मी आहो?"

"तूच," मी म्हणालो. "आता कारखाना कोणी उभा केला ते सगळ्यांना कळेल."

"पदर सुटला हाय," ती म्हणाली. "तोंडावर सिमिट हाय. दात खाऊन राहिली मी त्याच्यात. कावून, ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"मान मोडून रायली होती म्हून. भरलं घमेलं डोक्यावर घेऊन आमाले चालता येते बाबू. उभं राहाता येत नाई. चालून राहिलो तर वजन पायात जाते, थांबलो का मानेत बसते. तू थांब म्हनलं, आमी थांबलो. तुले मायचा फोटो काढाचा होता का घमेल्याचा?"

"माय, ते खरं आहे. लोकांनी बघायला पाहिजे."

"असन खरं," ती म्हणाली आणि करपलेली भाकरी उलथली. "आता माहा फोटो नको काढू."

एवढंच. ती रागावली नाही, रडली नाही. बा कंदिलाची काच पुसू लागला. ती स्वच्छच होती.

मला तेव्हा तिचं म्हणणं पटलं नाही. मी स्वतःशी म्हणालो, शिकलेली नाही, मोठी गोष्ट तिला दिसत नाही. पण दुसऱ्या दिवशी साइटवरून जाताना मावशीनं मला हटकलं.

"काय गा भाच्या, पेपरात छापलं ना आमाले?"

"हो मावशी. कसं वाटलं?"

"झकास. पन माही दाहा मिनटं परत दे." आणि बाकीच्यांकडे वळून, "आमची सुट्टी खाल्ली व या पोट्ट्यानं. मुकादमानं नाई खाल्ली, घरच्यानं खाल्ली."

सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती घमेलं घेऊन पुढे चालत राहिली, आणि आता मला दिसलं की ती खरंच थांबत नाही. कोणतीच बाई थांबत नव्हती. वाटेत बोलायचं झालं तरी त्या जागच्या जागी पाय हलवत बोलायच्या.

त्यानंतर आठ महिने मायनं शब्द पाळला. घरी मी कॅमेरा काढला की ती चुलीकडे तोंड करायची. शनिवारी फोटोच्या सुट्टीला ती वाळूच्या ढिगापलीकडे जाऊन बसायची, जिथून मी दिसणार नाही. मी दर महिन्याला कंत्राटदाराचा फोटो काढत राहिलो, अगदी सावकाश, दहाची पंधरा मिनिटं करत. मावशी म्हणायची, "शिकून राहिला, शिकून राहिला." खड्डा भरला, बुजला, त्याच्यावर विटांचं कडं आलं, कड्यातून धुराडं निघालं आणि महिन्यामहिन्याला उंच होत गेलं. माझ्या वहीत मायच्या नावानं पत्रकावरचा तो एक फोटो होता, आणि तो बघायला घेतला की मला तिचे दात दिसायचे.

हिवाळ्यात मुकादमानं सांगितलं की मातीचं काम संपलं, महिनाअखेरीस बायांची टोळी बंद. नंतर त्या भागाला तारेचं कुंपण होणार आणि आत जायला फोटोचा पास लागणार. बाला कायम खलाशाची नोकरी लागली होती, त्याचा पास निघणार होता. मी त्याचा फोटो काढला, पाटीवर नंबर, अंगात तोच पांढरा शर्ट. बायांकडे नुसते पितळेचे बिल्ले होते. ते शेवटच्या दिवशी परत करायचे. म्हणजे जिथं मायनं दोन वर्षं माती वाहिली तिथं तिला यापुढे पाय ठेवता येणार नव्हता.

मी बाला म्हणालो, "तू तिला सांग. एक फोटो. धुराड्यापुढे. पुन्हा संधी नाही."

"मी नाई सांगत," बा म्हणाला. "मले भाकर खाची हाय त्या घरी."

त्या महिन्याच्या चौथ्या रविवारी दुकानापुढे नेहमीसारखी रांग होती. मी आत एकामागून एक उरकत होतो. पडदा सरला की बसा, पाटी, नंबर, समोर बघा, झालं. एकदा पडदा सरला आणि मी खाली बघतच विचारलं, "नंबर?"

"नंबर नाई," माय म्हणाली.

ती रांगेत उभी राहून आली होती. बाहेर एक वेल्डर तिला सांगत होता, "माताजी, आप तो घर की हो, पहले चली जाओ," आणि ती म्हणाली होती की नाही, पाळीनं जातो. हे मला नंतर कळलं. ती स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि खोलीभर नजर फिरवली. दुकानात ती पहिल्यांदाच आली होती.

"माय, तू?"

"गिऱ्हाईक म्हून आली. त्याईले काय इचारतं तू, ते इचार ना मले."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. दिवसातून वीस वेळा, उसनं घड्याळ घातलेल्या माणसांना मी जे विचारत होतो ते तिला कधी विचारलं नव्हतं.

"कसा पाहिजे फोटो?"

"इथं नाई पायजे. धुराड्यापाशी. मी एकटी नाई, आमी अकराच्या अकरा. बिनाघमेल्याचं. चांगलं नेसून येऊ. मी दीक्षेचं पांढरं लुगडं नेसीन." तिनं हे सगळं घरून ठरवून आणलं होतं. "आन बसलेला पायजे."

"बसलेला?"

"कावून, बसाले नाई येत का आमाले?"

"तसं नाही माय. पण मग काम कुठं दिसणार?"

"आमचं काम तसंबी कुठी दिसते?" ती म्हणाली. "पाया भरला आमी, तो गेला जमिनीत. तू दर महिन्याले फोटो काढला, त्याच्यात का दिसला? आमी त्याच्यावर बसलो तर कोनी तरी म्हनन, या बाया इथं कावून बसल्या बाप्पा. मंग सांगता येईन."

मी म्हणालो, "तोंडं नीट दिसायची असतील तर कॅमेरा जवळ आणावा लागेल. मग धुराड्याचं टोक फोटोत येणार नाही."

"नाई येऊ दे. वरतं आमचं काई नाई."

बाहेरून वेल्डर ओरडला, "अंदर सो गए क्या भाई?" माय उठली. पडद्यापाशी थांबून तिनं खिळ्यावरचा शर्ट दोन बोटांनी उचलून पाहिला. "धूत जा मधातून," ती म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्यात मी गाडीनं रायपूरला गेलो आणि दोन काचा आणल्या. एक स्टोअरकीपरच्या टेबलावर ठेवली आणि एप्रिलमधली काच फुटली नव्हती, मी वापरली होती, असं सांगितलं. त्यानं काच उजेडात धरली. "टूटी हुई जुड़ गई? भिलाई में सब हो सकता है." आणि खणात टाकून दिली. दुसरी मी फडक्यात गुंडाळून ठेवली. तो फोटो कंत्राटदाराच्या काचेवर काढायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

शनिवारी बाया कॅमेऱ्यापाशी आल्या त्या सणाला आल्यासारख्या. मायचं पांढरं लुगडं घडीच्या रेघांसकट. मावशीचं हिरवं, तांबड्या काठाचं. अहिवाऱ्याच्या बाईच्या गळ्यात चांदीची सुता. त्यांनी ही लुगडी गाठोड्यात बांधून आणली होती आणि सकाळपासून कामाचीच नेसून काम केलं होतं. पावणेअकराला सिमेंटच्या गोदामाआड जाऊन सगळ्या बदलून आल्या. मुकादम बघतच राहिला.

"आज किसकी शादी है?"

"तुही," मावशी म्हणाली. "नवरी भेटत नाई म्हून अकरा आनल्या."

मुकादम लाजला. शिट्टी मारायची त्याची वेळ झाली होती, पण कुणाला हटवायचं हे त्याला कळेना, कारण बाया आधीच कॅमेऱ्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यानं रिवाज म्हणून शिट्टी मारली.

मी खुंटीवर तिपाई उभी केली आणि कंत्राटदाराचा फोटो घेतला. धुराडं, आभाळ, सपाट केलेली जमीन, माणूस नाही. टोपी काढली, मोजलं, लावली. त्यात मी काही कमी केलं नाही. ते त्याचं होतं, आणि ते नीट झालं पाहिजे होतं.

मग मी तिपाई उचलली. एप्रिल सोडला तर सव्वा वर्षात ती खुंटीवरून हलली नव्हती. धुराड्याच्या बुडाजवळ नेऊन उभी केली. बाया पुढे गेल्या. कुठं बसायचं हे मायला नेमकं माहीत होतं. तिनं पायानं जमीन चाचपली, दोन पावलं उजवीकडे सरकली, म्हणाली, "इथून इथपर्यंत," आणि बसली. तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या बसल्या. कुणी मांडी घातली, कुणी पाय लांब केले. मी कपड्याखाली गेलो. काचेवर अकरा बाया डोकं खाली पाय वर अशा बसल्या होत्या, हात मांडीवर, हातात काही नाही.

मी त्यांना हलू नका म्हणालो नाही. बसलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

काच घातली. बाहेर येऊन टोपी काढली. माय सरळ माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं, दात दिसत नव्हते. मी मोजलं. टोपी लावली.

फोटो झाला होता. तो आज अकरा घरांत आहे. आमच्या घरी कुडाची भिंत राहिली नाही, पक्क्या क्वार्टरच्या चुन्याच्या भिंतीवर तो लागला आहे. नागपूरच्या आमच्या लोकांना मी तो दाखवला तेव्हा एक जण म्हणाला, यात संघर्ष कुठं आहे? मी त्याच्याकडे फोटो परत मागितला. माझ्या वहीत एप्रिलचा फोटोही आहे. मायला विचारलं, फाडू का? ती म्हणाली, राहू दे, पन तो माहा फोटो नोहे, तो तुहा हाय.

पण त्या शनिवारचं अजून थोडं राहिलं. टोपी लावून झाल्यावर मी मान वर करून मुकादमाकडे पाहिलं. तो लांब उभा राहून घड्याळ बघत होता. मी पुन्हा काळ्या कपड्यात डोकं घातलं. काच आत होती, त्यामुळे तिथं काहीच दिसत नव्हतं, नुसता अंधार आणि जुन्या कपड्याचा वास. मी तसाच उभा राहिलो.

"हो गया क्या?" मुकादम ओरडला.

"अभी नहीं," मी आतून म्हणालो. "फोकस बाकी है."

समोरून बायांचा आवाज येत होता. कुणाच्या तरी लेकीचं बाळंतपण, बोरसीच्या विहिरीला लागलेलं पाणी, उद्यापासून सकाळी उठून करायचं काय. मावशीनं तंबाखू मागितली. बराच वेळ गेला. मग कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "झाला ना व फोटो? टोपी तर लागली."

सव्वा वर्ष महिन्याच्या महिन्याला त्यांनी मला पाठीमागून बघितलं होतं. टोपी निघते, टोपी लागते, की झालं. मी हे विसरलोच होतो. अकराही जणींच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात, भिंगावर टोपी चढलेली होती.

"चूप," मायचा आवाज आला. "त्याचं अजून चालू हाय. बस तू."

कुणी उठलं नाही.